शुक्तिरजत आणि कवडीचे मोल



गोष्ट २०१७ सालच्या आषाढीची आहे. पंढरपुरास दशमीच्या रात्री एका मठात आमची कीर्तनसेवा होती. निरूपणात वैराग्याचा विषय निघाला. आणि खरे सांगायचे तर कीर्तनकाराला वैराग्यासारखा सोपा विषय दुसरा नाही. आम्ही हात उंच करून म्हणालो, ‘अहो, पैसा पैसा काय करता? साधूच्या लेखी तो कवडीमोल!’ टाळकऱ्यांनी ठेका धरला, मंडळींनी माना डोलावल्या, आणि आमचे आम्हांसच फार बरे वाटले.

कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. एक म्हातारी मात्र खांबाला टेकून बसली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. ती जवळ आली, पदराची गाठ सोडली आणि पाचशेच्या चार जुन्या नोटा आमच्यापुढे धरल्या. म्हणाली, ‘म्हाराज, तुम्ही मगाशी बोललासा तसंच झालं बगा. ह्या कवडीच्या झाल्या. माझ्या मागच्या कार्याला म्हणून उतरंडीतल्या गाडग्यात ठेवल्या हुत्या. माझ्या ध्यानातच न्हाई आलं. पोरानं सांगितलं तवा मुदत सरली हुती. आता ह्या चंद्रभागेत सोडू का?’

आम्ही काय बोललो? आम्ही बोललो, ‘सोडा माउली, सोडा. तेवढी माया सुटली म्हणायची.’ ती नमस्कार करून गेली.

वाचकहो, त्या उत्तराची आम्हांस आज लाज वाटते. का वाटते, त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. प्रश्न असा : पैसा हा भ्रम आहे काय? आणि भ्रम नसेल तर तो आहे तरी काय?

घरी परतल्यावर आधी ‘कवडीमोल’ हा शब्दच मनात सलू लागला. लहानपणी पाठशाळेत आम्ही भास्कराचार्यांची ‘लीलावती’ शिकलो. हा ग्रंथ सन ११५० च्या सुमाराचा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ग्रंथाच्या आरंभीच परिभाषा दिली आहे, आणि तिची पहिली पायरी कवडी, म्हणजे वराटक, ही आहे. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. गुणाकार करून पाहा : द्रम्माच्या १२८० कवड्या, निष्काच्या २०४८०. म्हणजे गणिताच्या लेखी कवडी शून्य नव्हे. ती एकक आहे. कवडीमोल म्हणजे बिनमोल नव्हे, सर्वांत लहान मोल. लहान असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे, ते ज्याच्यापाशी थोडेच आहे त्यालाच कळते. ज्याच्यापाशी पुष्कळ आहे तो दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो.

बरे, ही कवडी आली कोठून? व्यवहारात चालणारी पिवळट-पांढरी कवडी मुख्यतः मालदीव बेटांतून येई. इब्न बतूता हा प्रवासी १३४३-४४ साली तेथे काझी म्हणून राहिला होता. तो लिहितो की तिथले लोक समुद्रातून हे जीव गोळा करतात, खड्ड्यात पुरून त्यांचे मांस झडू देतात आणि उरलेली पांढरी कवडी बंगालच्या व्यापाऱ्यांना देऊन तांदूळ घेतात. मालदीवात सोन्याच्या एका दिनाराला चार लक्ष कवड्या मिळत. पुढे १३५२-५३ मध्ये तो आफ्रिकेत माली देशी गेला, तेथे तीच कवडी एका दिनाराला ११५० या भावाने चालताना त्याने पाहिली. वस्तू तीच, समुद्रकाठी धान्याच्या बदली देऊन टाकायची, आणि वाळवंटापलीकडे धनाच्या पेटीत ठेवायची.

बंगाल-ओरिसात तर गोरगरिबांचा सारा बाजारहाट कवडीवर चाले. ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण. काहणाच्या कवड्या किती झाल्या? १२८०. म्हणजे आपल्या लीलावतीतल्या द्रम्माइतक्याच! चार काहणांचा, म्हणजे ५१२० कवड्यांचा, एक रुपया धरीत. सिल्हेट प्रांतात १७७८ पासून रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याने लिहून ठेवले आहे की तेथील सुमारे अडीच लाख रुपयांचा वसूल कवड्यांतच जमा होई आणि नावांच्या तांड्यातून डाक्क्यास पाठवावा लागे. हिशेब मांडला तर शंभर कोटींवर कवड्या झाल्या. ज्याच्या घरी शेरभर मीठ घ्यायचे आहे त्याला रुपया काय कामाचा? त्याला कवडीच हवी. ती झिजत नाही, कुजत नाही, तिची नक्कल करून कोणाला परवडत नाही, आणि मोजायला लहान मुलालाही येते.

आता वेदान्ताकडे वळू. शिंपला उन्हात चमकतो आणि वाटसरूला वाटते की रुपे पडले आहे. जवळ जाऊन पाहतो तो शिंपला. हे शुक्तिरजत. शास्त्रकार सांगतात की हे रजत प्रातिभासिक. दिसते तोवर आहे, शुक्तीचे ज्ञान झाले की त्याचा बाध होतो. हा दृष्टान्त आम्ही आजवर शेकडो वेळा दिला असेल. आणि त्यापुढे एक वाक्य हटकून जोडीत आलो : ‘तसाच हा पैसा!’

पण तसाच आहे का हो? नीट पाहा. शिंपला आहे असे कळताच रुपे नाहीसे होते. नोट कागदाची आहे हे कोणाला ठाऊक नाही? शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही तिचे शेरभर दाणे येतातच. कवडी म्हणजे मेलेल्या किड्याचे कवच, हे बंगालच्या कोळ्याला आपल्यापेक्षा अधिक कळत होते. तरी ती चालत होती. ज्ञानाने ज्याचा बाध होत नाही त्यास भ्रम म्हणता येत नाही. तो व्यवहार. आचार्यांनी प्रातिभासिक आणि पारमार्थिक यांच्यामध्ये व्यावहारिक सत्ता म्हणून एक पायरी ठेवली आहे, ती काय उगीच? एकाला शिंपल्यात रुपे दिसले तर ती त्याची चूक. पण साऱ्या गावाने मिळून, शिंपला तो शिंपलाच हे ओळखून, ‘याला आपण रुप्याच्या ठिकाणी मानू’ असे ठरविले, तर ती चूक नव्हे. तो एकमेकांना दिलेला शब्द आहे.

आणि ही नुसती कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पापुआ न्यू गिनी हा देश आहे. तेथे मोत्याच्या मोठ्या शिंपल्याचा, म्हणजे साक्षात आपल्या शुक्तीचाच, चंद्रकोरीसारखा तुकडा कापून गळ्यात घालीत. त्याचे नाव किना. लग्नातल्या देण्यात, दोन कुळांतील वैर मिटविताना, खून झाल्यास भरपाईत हा शिंपला दिला जाई. डोंगराळ मुलखातील लोकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. हातोहात, गावोगाव देवघेव होत तो शिंपला त्यांच्यापर्यंत पोचे, म्हणून त्याचे मोल फार. १९३० नंतरच्या दशकात सोने शोधणारे गोरे लोक त्या डोंगरांत शिरले. या लोकांना शिंपले हवेत, हे त्यांनी ओळखले आणि विमाने भरभरून शिंपले आणले. त्यांच्या बदल्यात डुकरे, कंदमुळे आणि मजुरी घेतली. परिणाम व्हायचा तोच झाला. पूर्वी एका शिंपल्यात कुळाची अब्रू राहत होती. तेच शिंपले ढिगांनी आले आणि त्यांचे मोल उतरत गेले. कोणी चोरी केली नाही, कोणी लुटले नाही. तरी ज्यांनी आयुष्यभर शिंपले जपले होते त्यांच्या गाठचे काही तरी गेले खास.

येथे मुद्दा हाती लागतो. शुक्तिरजताचा बाध ज्ञानाने होतो. पैशाचा बाध ज्ञानाने होत नाही, तो वचनभंगाने होतो. ज्ञानाने जे जाते त्यात कोणाचेच नुकसान नाही, उलट लाभ आहे. वचनभंगाने जे जाते त्यात नुकसान होणारा एक असतो आणि त्याला कारण होणारा दुसरा असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ही त्या रात्री त्या एक करून टाकल्या.

इतिहासात याचे दाखले पुष्कळ. ओरिसा १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या अमलात शेतसारा कवड्यांत चाले. १८०३ साली कंपनी सरकारने तो मुलूख घेतला आणि थोड्याच वर्षांत सारा रुपयांतच भरला पाहिजे असे ठरविले. आता रयतेने काय करावे? घरात कवड्या आहेत, पण सरकार त्या घेत नाही. सावकाराकडे जाऊन रुपया विकत घ्यावा, तर पूर्वी चार काहणांना मिळणारा रुपया कितीतरी महाग झालेला. शेत तेच, पीक तेच, कवड्याही तेवढ्याच. आणि कर्ज मात्र वाढले. १८१७ साली खुर्द्यात बक्षी जगबंधूंच्या पुढारपणाखाली पाइकांचा उठाव झाला. जमिनी गेल्या, मीठ महागले, ही कारणे होतीच. पण कवडी बसली, हेही त्यांतले एक मोठे कारण होते. कवडी समुद्राने केली. तिला खजिन्यात घेण्याचे वचन राजाचे होते. कवडी जशीच्या तशी राहिली, फिरले ते वचन.

याहूनही काळा दाखला आफ्रिकेचा आहे. अठराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी भरून युरोपात नेल्या, आणि तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यास पोचविल्या. १७०० ते १७९० या काळात अशा अकरा हजार टनांवर कवड्या गेल्या, हजार कोटींच्या घरात. त्यांनी तेथे काय घेतले? इतर मालाबरोबर माणसे घेतली. कवड्या मोजून आईबापांची लेकरे जहाजावर चढविली. ज्या कवडीने बंगालच्या म्हातारीला मीठ मिळत होते, तिनेच तेथे माणूस विकला गेला. कवडीचा यात दोष नाही. पण सगळे मोजता येईल असे माप एकदा हाती आले, की जे मोजू नये तेही मोजण्याची बुद्धी माणसाला होते. पैशाविषयी संतांनी इशारा दिला तो यासाठी. पैसा खोटा आहे म्हणून नव्हे. तो खराच चालतो, म्हणून.

आता राष्ट्राच्या नाण्याकडे येऊ. पश्चिम आफ्रिकेतील घाना देश १९५७ साली स्वतंत्र झाला. १९६५ साली त्याने इंग्रजी पद्धतीचा पौंड सोडून आपले चलन काढले आणि त्याचे नाव ठेवले सेडी. तेथील अकान भाषेत सेडी म्हणजे कवडी! पुढे त्यांच्या नाण्यावर कवडीचे चित्रही आले. पापुआ न्यू गिनीने १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळण्याच्या आधीच, त्याच वर्षी १९ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाच्या डॉलरऐवजी आपले चलन सुरू केले. त्याचे नाव किना. आणि त्याच्या शंभराव्या भागाचे नाव तोया, तेही शिंपल्याच्याच एका दागिन्याचे. एक किनाच्या नाण्याला मधोमध भोक ठेविले होते. शेकडो भाषा बोलणारे, एकमेकांना न ओळखणारे लोक एका देशात आले. त्यांना एकत्र बांधायचे कशाने? आजोबांच्या गळ्यातला शिंपला त्यांनी नाण्याच्या रूपाने सर्वांच्या हाती दिला. राष्ट्राचे चलन म्हणजे काय, हे यावरून समजते. ज्याची आपली ओळख नाही, पुढे होण्याचा संभव नाही, त्याचाही शब्द आपण घरात ठेवतो, आणि आपला शब्द तो ठेवतो.

परंतु नाव शिंपल्याचे ठेवल्याने शिंपल्याचा गुण येत नाही. शिंपला वाढवायचा तर समुद्रात उतरावे लागे. नोट वाढवायला छापखाना पुरे. घानातच महागाई इतकी झाली की २००७ साली १०००० जुन्या सेडींची एक नवी सेडी करावी लागली. म्हणून वस्तू जितकी हलकी, तितके तिच्यामागचे वचन जड असले पाहिजे. सोन्याच्या मोहरेत राजा खोटा निघाला तरी सोने उरते. कागदात राजा खोटा निघाला तर काय उरते? कौटिल्याने नाणी पाडण्यावर लक्षणाध्यक्ष आणि ती पारखण्यावर रूपदर्शक नेमावा असे सांगितले ते याच धोरणाने. एकाने करावे आणि दुसऱ्याने तपासावे.

आता पूर्वपक्ष. कोणी वारकरी म्हणेल, ‘महाराज, आपल्याला काय करायचे आहे या उठाठेवीशी? तुकोबारायांनी तर घरची कर्जखतेच इंद्रायणीत बुडविली.’ होय, बुडविली. पण कथा अर्धी सांगू नये. परंपरा असे सांगते की आधी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला, आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला. यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की ती खते दुसऱ्याने तुकोबांना द्यावयाच्या पैशाची होती. तुकोबांनी दुसऱ्याला द्यावयाच्या पैशाची नव्हेत. घेणेकऱ्याने घेणे सोडले तर ते औदार्य. देणेकऱ्याने देणे बुडविले तर ती बुडवेगिरी. कागद तोच, नदी तीच, बुडविण्याची क्रियाही तीच; पण एकात पुण्य आणि दुसऱ्यात पाप. दुसरा बारकावा असा की भावाच्या वाट्याचे वैराग्य त्यांनी आपण करून टाकले नाही. वैराग्य आपल्या धनाचे करावयाचे असते. दुसऱ्याच्या धनाविषयी वैराग्याचा अधिकारच नाही. तेथे फक्त जबाबदारी आहे.

आता पुन्हा त्या म्हातारीकडे येतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. ३० डिसेंबरपर्यंत त्या बँकेत भरावयाच्या होत्या. मूल्याने पाहता चलनातल्या सुमारे ८६ टक्के नोटा त्यात आल्या. पुढे २०१७ च्या कायद्याने त्या नोटांवरचे देणेही संपले. या निर्णयाच्या राजकीय गुणदोषांत आम्ही शिरत नाही. राज्यकर्त्यांनी काळा पैसा आणि खोट्या नोटा ही कारणे दिली होती, आणि मुदतही दिली होती. रिझर्व्ह बँकेच्या अहवालाप्रमाणे शेकडा ९९ हून अधिक रकमेच्या नोटा परत आल्या. म्हणजे राहिल्या त्या शंभरात एकाहून कमी. पण त्या एकाहून कमी भागात निदान एक गाडगे होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. टक्केवारीत ते कवडीमोल. त्या माउलीच्या घरात ते शेवटच्या लाकडांचे पैसे.

तिने नोटा चंद्रभागेत सोडल्या असतील तर तो तिचा अधिकार होता. ती धारक होती. तिने ‘गेले’ म्हणावे, ते तिला शोभले. आम्ही ‘सोडा’ म्हणावे, ते आम्हांला शोभले नाही. आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिली. त्याच वेळी आमच्या बंडीच्या खिशात मठाने नारळाबरोबर दिलेले पाकीट होते. प्रवासखर्च या नावाने घेतलेले. त्यात नव्या नोटा होत्या. चार जुन्या घेऊन चार नव्या तिच्या हातावर ठेवायला कोणता वेदान्त आड येत होता? आम्ही तिला मायेचा उपदेश केला आणि माया आपल्या खिशात घेऊन झोपलो. ती माउली पुन्हा आम्हांस भेटली नाही.

तेव्हापासून आम्ही आमच्या निरूपणात एवढा फरक केला आहे. शुक्तिरजताचा दृष्टान्त देतो, पण देहाभिमानाला देतो, पैशाला देत नाही. पैशाविषयी बोलायचे झाले तर आम्ही त्या पापुआ न्यू गिनीतल्याच तोलाई लोकांची गोष्ट सांगतो. ते बारीक शिंपले वेतात ओवून त्यांच्या लांबलचक माळा करतात, आणि त्या माळांची गाडीच्या चाकाएवढी वेटोळी करून जपून ठेवतात. त्यास ताबू म्हणतात. देशाचे किना चलन असूनही तो आजही चालतो. माणूस मेला की ती वेटोळी कापतात आणि जमलेल्या लोकांना वाटून टाकतात. आयुष्यभर जपायचे, आणि शेवटी ज्यांच्यामुळे त्याला मोल होते त्यांनाच परत द्यायचे. ही रीत ऐकली म्हणजे मंडळी गप्प होतात.

वाचकहो, आपल्याला राज्याचे चलन चालवायचे नाही, हे खरे. पण आपल्यातला प्रत्येक जण लहानसे चलन चालवीतच असतो. दिंडीची वर्गणी कोणापाशी तरी असते. भिशी कोणाच्या तरी वहीत असते. शेजारणीने वारीला जाताना तुळशीहारासाठी दिलेले दहा रुपये आपल्या कनवटीला असतात. रोजंदाराचा अर्धा दिवस आपल्याकडे उरलेला असतो. हे सगळे दुसऱ्याचे शब्द आपल्या घरी ठेवलेले आहेत. वारीला निघण्यापूर्वी ते मोजावेत आणि ज्याचे त्याला पोचवावेत. रक्कम लहान आहे म्हणून मागे ठेवू नये. लहान रक्कम लहान माणसाची असते.

मग आपल्या वाट्याचे जे उरेल, त्याविषयी खुशाल वैराग्य करावे. ते चंद्रभागेत सोडावे की एखाद्या म्हातारीच्या हातावर ठेवावे, हे मात्र सोडण्याआधी एकदा मनाला विचारावे. आम्ही विचारले नाही.

रामकृष्णहरि.